फडक्यातले जीव

पलूसच्या चंदनबालाबाई लग्न होऊन आल्या त्या दिवसापासून विहिरीचं पाणी दुपदरी फडक्यातून गाळत आल्या. जैनाघरची रीतच ती. पण फडकं झटकलं की झालं, असं नाही. त्यात अडकलेले बारीक जीव पुन्हा त्याच विहिरीत, कळशी पार पाण्याला टेकवून अलगद सोडायचे. चाळीस वर्षांत बाईंचं हे कधी चुकलं नाही, अंगात ताप असला तरी नाही.

यंदा श्रावणात फडकं कोरं निघालं. एकदा नाही, सलग आठ दिवस. सून सुंदरी खूश, म्हणाली पाणी किती नितळ झालंय! बाईंनाही आधी तसंच वाटलं, खोटं कशाला बोला? मग विहिरीत नीट वाकून पाहिलं, तर पाणकिडा नाही, कपारीत बेडूक नाही. बाईंनी भरलेली कळशी तिथंच ओतून टाकली.

विहिरीच्या वरच्या अंगाला ऊस होता. मुळं खाणारी हुमणी अळी लागली म्हणून मुलानं, अजितकुमारनं, मुळांशी औषध ओतलं होतं. बाईंनी तेव्हा पाहून न पाहिल्यासारखं केलं, आणि तेच आता त्यांना खात होतं. अजितकुमार म्हणे, ऊन आणि मातीतले जंतू महिनाभरात औषधाचा फडशा पाडतात, दुकानदारानंच सांगितलंय. पण ओतल्यावर दोनच दिवसांत पाऊस कोसळला होता.

"वर ऱ्हायलं त्ये ऊन खाईल," बाई म्हणाल्या. "भेगंतनं खाली उतरलं, त्येला कुठलं ऊन रं?"

 अजितकुमारनं विहिरीच्या पाण्याची बाटली भरून सांगलीला तपासायला नेली. पाण्यात औषध निघालं. खाली ऊन नाही, जंतूही कमी. किती महिने लागतील ते सांगता येत नाही, असं तिथल्या माणसानं सांगितलं.

घरात प्यायला नळाचं पाणी आलं. शेजारच्या लीलाबाईंच्या विहिरीतले जीव आणून सोडू का, असं अजितकुमारनं विचारलं, तेव्हा मात्र बाई भडकल्या.

"आपले जीव मारले, आता दुसऱ्याचे आणून मारतोस व्हय?"

तरी रोज सकाळी बाई कळशी सोडायच्या, गाळायच्या आणि कोरं फडकं वाळत घालायच्या. दिवाळी गेली, संक्रांत गेली. ऊस तोडून झाला. मग एका सकाळी फडक्यावर काहीतरी वळवळलं. डासाची अळी! बाईंना रडू फुटलं.

त्यांनी अजितकुमारला हाक मारली आणि अळी कळशीत उतरवून कळशी त्याच्या हातात दिली.

"तू सोड."

त्यानं दोर हळूहळू खाली सोडला. कळशी पाण्याला टेकेपर्यंत त्यानं श्वास घेतला नाही.