नुसरत आगांचा फोन का लागत नाही

इराणमधल्या रश्तच्या अश्रफ खानमला ब्राउझर म्हणजे काय हे पासष्टाव्या वर्षी कळलं, तेही नाइलाजाने. तिचा जन्म गेला बायकांचे मांतो, म्हणजे अंगभर लांब कोट, शिवण्यात. पण तिचा एकुलता एक मुलगा पेजमान सरकारविरोधी मोर्च्याच्या फोटोत दिसला, त्याला देश सोडून ऑस्ट्रियात ग्राझला पळावं लागलं, आणि इकडे सरकारने निरोप धाडायच्या वाटा एकेक करून बंद केल्या. तेव्हा पोरानेच आईला शिकवलं. परदेशातल्या कुणी आपल्या ब्राउझरमध्ये एक पान उघडं ठेवायचं, इकडच्याने फोनवर एक ॲप सुरू करायचं, की इकडचा निरोप त्या परक्याच्या ब्राउझरमधून गुपचूप बाहेर पडतो. कुणाच्या, ते कळत नाही. पेजमानही असं पान उघडं ठेवी, म्हणून ती मात्र दर वेळी त्याच्याच घरातून जाऊन आल्यासारखी खूश व्हायची. गल्लीतल्या बायकांनाही तिने हे फुकट शिकवलं, जरा मिजाशीतच.

नवरा नुसरत आगा घड्याळं दुरुस्त करायचा. एका सकाळी तो दुकानात खुर्चीवर बसल्या बसल्या गेला.

माती दिली त्याच दुपारी तिचा थोरला भाऊ हशमत याने फर्मान काढलं, पोराला कळवायचं नाही. आमच्याकडे ही रीतच आहे. दूरदेशी गेलेल्याला घरचं मरण सांगत नाहीत. आधी जरा बरं नाही म्हणतात, मग झोपलेत म्हणतात, असं करत महिने काढतात. याला माया म्हणतात. खरं तर तो शुद्ध भित्रेपणा आहे, पण ऐकतो कोण.

"कळलं तर तो मिळेल त्या विमानानं येईल," हशमत म्हणाला. "विमानतळावरच उचलतील त्याला. नवरा गेला, आता पोरगाही घालवायचाय का तुला?"

यावर कोणती आई तोंड उघडेल? अश्रफ खानमने मान हलवली.

बाबा का बोलत नाहीत, असं पेजमानने विचारलं. त्यांच्या फोनवर ते ॲप चालत नाही, सरकारने अडवलंय, असं तिच्या तोंडून निघून गेलं. आमच्या देशात यावर कोण शंका घेणार?

पण पोरगा बापावर गेला होता. बिघडलेली वस्तू त्याला बघवत नसे. हे दाबायचं, ते पुसायचं, पुन्हा सुरू करायचं, असं सगळं त्याने क्रमाने लिहून पाठवलं. दाबलं, नाही झालं, असं ती कळवायची. मग त्याने एक जुना संगणक घेऊन त्यावरही ते पान उघडं ठेवलं. तरी जमेना, तेव्हा वसतिगृहातल्या मित्रांना गळ घातली.

"आठ जणांनी पान उघडं ठेवलंय, आई," त्याचा आवाज आला. "बाबांना सांग, आता कुठून तरी लागेलच. एक शब्द बोलले तरी पुरे."

तो निरोप ऐकून ती शिवणयंत्रावर डोकं टेकून रडली. मला हे झेपत नाही, असं तिने भावाला सांगितलं. चाळिसावा दिवस होऊ दे, मग बघू, म्हणाला.

चाळिसाव्याला दारावर नुसरत आगांच्या नावाचं काळ्या चौकटीचं पत्रक लागलं, आत गेलेल्याच्या नावाने वाटायचा हलवा झाला. त्यांच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने मोठ्या भावनेने त्या पत्रकाचा फोटो काढून इंटरनेटवर टाकला. तोही कुणाच्या तरी ब्राउझरमधून बाहेर पडला. त्या आठांपैकीच एकाच्या असेल, कुणी सांगावं.

संध्याकाळी पेजमानचा निरोप आला. तो रडत नव्हता.

"सरकारनं अडवलं की मी रस्ता काढतो, आई. तू अडवल्यावर कुठून काढू? चाळीस दिवस मी मेलेल्या माणसाला हे दाबा, ते दाबा सांगत होतो, आणि तू दाबलं म्हणत होतीस."

त्यानंतर तिने शंभर निरोप पाठवले. जीव ओवाळून टाकते रे तुझ्यावरून, तुला वाचवायलाच केलं, मामाचं ऐकलं, चुकले. सगळे पहिल्या फटक्यात जातात. दोन निळ्या खुणा उमटतात, म्हणजे तो वाचतो. उत्तर येत नाही.