झाकण बसलं पाहिजे

आमच्या इमारतीत घरं बावीस आणि कचऱ्याचे मोठे डबे दोन. चाकांचे, हिरवे, माझ्या छातीपर्यंत येणारे. अकरा महिने ते पुरतात. नाताळात पुरत नाहीत. खोक्यात खोकं, त्यात पिशवी, पिशवीत चकचकीत कागद आणि कागदात तळहाताएवढी वस्तू. डोंगर पोखरून उंदीर काढायचा. उंदीर घरात राहतो आणि डोंगर जिन्याने खाली येतो.

नगरपालिकेचा नियम साधा आहे: झाकण बसलं तर डबा उचलायचा, नाहीतर नाही. गेल्या वर्षी झाकणं बसली नाहीत. गाडी आली, बघून निघून गेली. नऊ दिवस पिशव्या अंगणात पडून होत्या आणि खरे उंदीर आमच्या आधी नवं वर्ष साजरं करून मोकळे झाले.

म्हणून यंदा बैठक बसली. तिसरा डबा घ्यायचा, पण ठेवायचा कुठे? अंगणात उघडणारं दार एकाच खोलीला होतं, जिन्याखालच्या. त्या खोलीत एकोणीस वर्षं किल्लीबाई राहत होत्या. आमच्या इमारतीची राखण, झाडलोट आणि बावीस घरांच्या जादा किल्ल्या त्यांच्याकडे, म्हणून हे नाव. नवरा केव्हाच गेलेला, मूलबाळ नाही. खोलीत एक पलंग, एक शेगडी आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फक्त बूट दिसतील अशी एक खिडकी.

आमचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत. दात काढतात त्याच आवाजात ते म्हणाले, "यंदा झाकणं बसली तर प्रश्नच नाही. नाही बसली तर ती खोली घ्यावी लागेल. बाईंची सोय कुठेतरी करू."

कुठेतरी म्हणजे कुठे, हे कुणीच विचारलं नाही. मी या मंडळाचा सचिव. मी ते वाक्य नीट अक्षरात लिहून घेतलं, यापलीकडे काही केलं नाही. किल्लीबाई दाराशी उभ्या होत्या. "बरं," म्हणाल्या आणि गेल्या.

त्यांनी सूचना लावली नाही, भाषण दिलं नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात माझ्या दाराची घंटा वाजली. बाहेर किल्लीबाई, हातात इस्त्रीचं रिकामं खोकं.

"साहेब, हे तुमचं खाली राहिलं होतं."

मी ते सकाळीच डब्यात कोंबलं होतं. पण 'राहिलं' म्हटल्यावर माणूस काय बोलणार? मी आभार मानले. माझं मलाच ऐकू आलं आणि राग आला. खोकं दोन दिवस घरात पायात पायात आलं. शेवटी बायकोने ते उलगडून चपटं केलं, तिच्या बहिणीला पाठवायच्या भेटीला तेच वापरलं आणि मला म्हणाली, "काखेत कळसा अन् गावाला वळसा. नवीन आणायला निघाला होतात ना?"

मग प्रत्येक मजल्यावर हेच सुरू झालं. चौथ्या मजल्यावरच्या वकिलांचे कागद राहिले होते. गच्चीखालच्या जोडप्याचा अर्धा केक राहिला होता. किल्लीबाई कधी रागावल्या नाहीत, की कधी हसल्या नाहीत. आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून ही आमच्या इमारतीची जुनी रीत, पण आता वाकून बघणारी बाई दारात येऊन उभी राहायला लागली, तेव्हा झाकायचंच कमी करण्याखेरीज उपाय उरला नाही. लोक दुकानातच खोकी सोडून यायला लागले. भेटी जुन्या ओढण्यांत बांधल्या गेल्या. भाज्यांच्या साली अंगणातल्या झाडाखाली खड्ड्यात जायला लागल्या, तो खड्डाही बाईंनीच खणला होता. वकिलांनी तर कचरा टाकायला जाताना मफलरने तोंड झाकून घेतलं, आणि तरी त्यांची पिशवी परत आली.

सव्वीस तारखेला दुपारी मी खाली उतरून पाहिलं. दोन्ही झाकणं बसली होती. वर वीतभर जागाही होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला गाडी. किल्लीबाई अंगण झाडत होत्या आणि झाडता झाडता काहीतरी गुणगुणत होत्या. एकोणीस वर्षांत मी ते पहिल्यांदा ऐकलं.

तासाभराने माझ्या समोरच्या दाराची घंटा वाजली. तिथे भूमितीच्या बाई राहतात. चाळीस वर्षं शाळेत शिकवलं, आता एकट्या. मी दाराच्या फटीतून पाहिलं, लपवत नाही. किल्लीबाईंच्या दोन्ही हातांत गच्च भरलेल्या पिशव्या होत्या, मागे पायऱ्यांवर आणखी पाच-सहा. वरून भेटवस्तू डोकावत होत्या, कागदासकट, फितीसकट, न उघडलेल्या. कागदाच्या घड्या काटकोनात. असं बांधणारं आमच्याकडे दुसरं कुणी नाही.

"बाई, या तुमच्या खाली राहिल्या होत्या. चुकून गेल्या असतील."

"चुकून नाही," भूमितीच्या बाई म्हणाल्या. "टाकल्यात."

"पण या तर कोऱ्या आहेत."

"नातवाच्या आहेत. तीन नाताळ, तीन वाढदिवस, आणि मुलाच्या-सुनेच्या वेगळ्या. दर वेळी येतो म्हणतात. काल फोन आला, आताही नाही जमत. कपाट रिकामं केलं. डब्यात जागा होती ना?"

किल्लीबाईंनी पिशव्यांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "होती."

भूमितीच्या बाईंनी दार लावून घेतलं. पिशव्या घेऊन किल्लीबाई जिन्यावर तशाच उभ्या राहिल्या. डब्यात टाकल्या तर झाकण बसत नव्हतं. परत देणं त्यांच्याने होईना. शेवटी त्या खाली गेल्या, आणि जिन्याखालच्या खोलीचं दार वाजलेलं मी ऐकलं. मला दार उघडून काहीतरी बोलायला हवं होतं. मी चहा टाकायला गेलो.

सकाळी सातला अध्यक्ष आले. गाडीवाल्यांनी दोन्ही डबे उचलले, काही न बोलता. मी सुटकेचा निःश्वास टाकला, पण अध्यक्षांनी खिशातून माप घ्यायची टेप काढली.

"यंदा झालं, दर वर्षी होईल असं नाही. आलोच आहे तर खोलीचं माप घेऊन ठेवतो. उघडा हो बाई."

किल्लीबाईंनी दार उघडलं. पलंगावर, पलंगाखाली, खिडकीत, सगळीकडे भेटी. पाय ठेवायला जागा नव्हती. रात्री त्या कुठे झोपल्या असतील, हा प्रश्न मला पडला. अध्यक्षांना दुसराच पडला.

"एवढ्या भेटी? बरीच माणसं दिसतात तुम्हाला. आम्हाला वाटलं, कुणीच नाही."

किल्लीबाईंनी मान खाली घातली. खरं सांगावं तर हा कालचा कचरा, आणि तो धरला तर झाकण बसलेलं नाही. अध्यक्ष काटेकोर माणूस, त्यांनी धरलाच असता.

"माझ्याकडच्या आहेत त्या," मागून आवाज आला. भूमितीच्या बाई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभ्या होत्या.

"सगळ्या?"

"सगळ्या. एकोणीस वर्षांच्या आहेत. एकदम दिल्या."

अध्यक्षांनी टेप गुंडाळली. मग ती खिशात ठेवली. "एवढा पसारा असेल तर बाईंना खोली लागणारच," असं पुटपुटत ते दवाखान्याकडे गेले.

भूमितीच्या बाई आत शिरल्या. कागद न फाडता त्यांनी एक भेट सोडली. आत लोकरीचे मोजे निघाले, माझ्या बोटाएवढे.

"तीन वर्षांपूर्वीचे. आता त्याच्याही पायात जायचे नाहीत. तुला तर काय उपयोग, अगं."

"लोकर चांगली आहे," किल्लीबाई म्हणाल्या. "उसवून दुसरं काही होईल."

"मी विणलेत, मीच उसवते. तू गुंडाळायला बस."

भूमितीच्या बाई पलंगावरच्या भेटी सरकवून बसल्या आणि चष्मा वर करून मोज्याची शेवटची गाठ शोधायला लागल्या. ती त्यांना दिसत नव्हती, कारण डोळे भरले होते. किल्लीबाईंनी मोजा हातातून घेतला, गाठ सोडली आणि धाग्याचं टोक त्यांच्या बोटांत दिलं.