पिवळं म्हणजे कडक

"भाऊ, तुमाले धंदाच समजत नाही," असं अकोल्याचा तेजाबवाला शेठ चार गिऱ्हाइकांसमोर मला म्हणाला. ते अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

अमरावतीला माझा लोखंडावर जस्ताचा मुलामा चढवायचा कारखाना आहे. त्याआधी लोखंड तेजाबाच्या, म्हणजे आम्लाच्या, हौदात बुडवून गंज काढावा लागतो. शेठकडून आणलेल्या नव्या तेजाबात तासाभरात निघणारा गंज दुपारपर्यंत निघेना आणि वर चढवलेलं जस्त पापुद्र्यासारखं सुटू लागलं. माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक बजावून गेलं: पुढचा माल असाच आला, तर काम नागपूरला देणार. म्हणून मी तक्रार घेऊन गेलो होतो, तर हे उत्तर.

"रंग पाहा ना, पिवळंजर्द! याच्यापेक्षा कडक कोठी भेटन?"

आमच्या धंद्यात सगळे हेच मानतात. मीही वर्षानुवर्षं रंग पाहूनच तेजाब उचललं. परत आलो आणि रागाने हौदाकडे पाहत उभा राहिलो. त्यातलं थकलेलं, फेकायला झालेलं तेजाबही पिवळंच होतं, गंज विरघळून झालेलं. तेजाब कमजोर कशाने होतं, ते दहावीतल्या माझ्या मुलीला विचारलं.

"बाबा, पाणी टाकलं की आम्ल विरल होते. मग धातूसंग क्रिया हळू होते. रंगाचा काय संबंध?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा अकोला. जस्ताच्या एकाच पत्र्याचे दोन सारखे तुकडे शेठच्याच कात्रीने कापले, म्हणजे लहान-मोठ्याचं भांडण नको. दुकानाबाहेर उघड्यावर काचेचे दोन ग्लास ठेवले. एकात त्याने मला दिलेलं पिवळं, दुसऱ्यात त्याच्याच मागच्या रांगेतल्या सीलबंद कॅनमधलं.

"हे तं पाणी दिसून राहिलं!" एक गिऱ्हाईक हसलं.

"थांबा ना बाप्पा," म्हणत मी तुकडे सोडले.

'पाणी' फसफसून वर आलं. ग्लास इतका तापला की हात लावू देईना. पाहता पाहता तुकडा नाहीसा झाला. पिवळ्यात मात्र बुडबुडे एकेक करून, सवडीने येत होते.

"शेठ, आता सांगा, कोणाले समजत नाही धंदा?"

"माल वरूनच तसा आला असन," तो पुटपुटला.

जिभेवर आलेली शिवी मी गिळली. कारखान्यातला हौद उपसून रिकामा केला होता, तेजाब लगेच हवं होतं. अट घातली: प्रत्येक कॅन माझ्यासमोर उघडायचा, पत्रा टाकून पाहायचा, मगच उचलणार. तसेच तपासून कॅन नेले. गंज तासाभरात निघाला, माल वेळेत गेला, गिऱ्हाईक टिकलं.

चुकलं असं शेठ आजपर्यंत म्हणाला नाही. मीही दुसरा दुकानदार धरला नाही. दर खेपेला पत्रा घेऊन त्याच्याच दारात उभा राहतो, चार गिऱ्हाइकं असतील अशाच वेळी.