झिनोवीच्या बाल्कनीतली मोटार

युक्रेनमधल्या झितोमिरच्या त्या नऊमजली इमारतीत मोटारवाले पुष्कळ होते. मोटार बाल्कनीत ठेवणारा झिनोवी एकटाच. ट्रॉलीबसच्या डेपोत वायरिंग करण्यात जन्म गेलेला माणूस निवृत्तीनंतर गप्प बसेल तर शपथ! अपघातात चेपलेल्या एका विजेवरच्या मोटारीची बॅटरी त्यानं आणली, खोलली, धड निघालेले सेल लोखंडी कपाटात रचले. मोटार ओढायला ती थकली होती. घराला पुरून उरणार होती.

घराला म्हणजे लारिसाला. बायकोची फुप्फुसं दमली होती, प्राणवायूचं यंत्र विजेवर चालायचं आणि युद्ध लागल्यापासून वीज पाहुणीसारखी यायची. लारिसाला कुणाची कीव नको होती, म्हणून झिनोवी हे कुठे बोलला नव्हता.

वरच्या मजल्यावरच्या मेलानियाबाईंच्या डोळ्यांत ते कपाट खुपलं. डोक्यावरून क्षेपणास्त्रं जायची त्याचं बाईंना काही नव्हतं. धास्ती फक्त कपाटाची.

"अहो, बॉम्ब आहे तो! एक दिवस सगळ्यांना घेऊन उडाल."

"उडालोच तर वाटेत तुमचं घर लागेल. भेटून जाईन," झिनोवी म्हणाला.

बाईंनी सगळ्या इमारतीला आपल्या बाजूला वळवलं. रविवारपर्यंत कपाट हलवा, नाहीतर पालिकेत तक्रार.

रविवार उजाडला आणि वीज गेली. बॉम्बला घाबरणारी मंडळी एकेक करून आपापले फोन चार्जिंगसाठी बॉम्बला लावायला आली. शेवटी बाईही आल्या. फोन चार्जिंगला लावला, चहा घेतला आणि तिथंच बसून फोनवर तक्रार लिहायला घेतली.

"चार्ज पुरेल ना?" झिनोवीनं विचारलं.

"पुरेल. लांबलचक आहे जरा."

"मग चेरीचा मुरंबा घ्या."

तेवढ्यात बाईंनी कान टवकारले. "आत काय घरघरतंय? तोच ना तुमचा बॉम्ब?"

झिनोवीला आता लपवून भागणार नव्हतं. त्यानं आतल्या खोलीचं दार उघडलं. नाकाला नळी लावून पडलेल्या लारिसानं हात केला.

"ये गं मेलानिया. चहा दिला का ह्यानं?"

बाईंचा चेहरा पडला. आपण कुणाच्या जिवावर उठलो होतो ते त्यांना कळलं. त्या वळल्या आणि टेबलावरचे फोन उपटू लागल्या, पहिला स्वतःचा.

"लाज नाही वाटत? तिचा श्वास वाटत बसलायस लोकांना!"

फोनांनी काडीचा फरक पडत नव्हता, पण झिनोवीनं बाईंना ते उपटू दिले.

तक्रार गेली नाही. आता वीज गेली की बाई स्टूल घेऊन झिनोवीच्या दाराशी बसतात. कुणी फोन घेऊन आलाच, तर त्याच्या अंगावर ओरडतात, "आत बॉम्ब आहे! मरायचंय का?"