आइसलँड, काळा दगड आणि श्रीकांतचं नाक

आइसलँडला जायचं मी ठरवलं आणि घरात सांगितलं, विचारलं नाही. २०२१चा उन्हाळा होता, लशी झाल्या होत्या आणि नेदरलँड्समधल्या आमच्या आल्मेऱ्याच्या घरात कोंडून आम्ही तिघं एकमेकांना पुरते विटलो होतो. खरं कारण वेगळं होतं. हिवाळ्यात कोविड होऊन गेल्यापासून माझ्या नवऱ्याला, श्रीकांतला, कसलाच वास येत नव्हता. मग जेवणावरचं मनही उडालं. रविवारची मिसळ तो करायचा, तीही बंद. डॉक्टर म्हणाले, वाट बघा. वाट बघणं मला जमत नाही.

जाणार असाल तर लशीचं प्रमाणपत्र छापून न्या. गाडीचं दार हाताने धरूनच उघडा, वारा ते उलटं फिरवतो. बाहेरचं जेवण भयंकर महाग, म्हणून आम्ही पोह्यांपासून कुकरपर्यंत सगळं नेलं. श्रीकांतने स्वतःचं पातेलंही घेतलं. गेस्टहाउसच्या भांड्यांत लोक काय शिजवतात कोण जाणे!

दक्षिण किनाऱ्याने निघालो. मुलगी सई गाडी चालवत होती. एकीकडे समुद्र, दुसरीकडे काळे कडे, थरावर थर. मला पुण्याच्या कॉलेजातल्या भूशास्त्राच्या सहली आठवल्या. आम्ही दोघं एकाच वर्गात. मी हातोडीने दगड फोडायची, श्रीकांत ताजा तुकडा नाकाशी धरायचा. सर ओरडायचे, "अरे, दगड बघायचा असतो, हुंगायचा नसतो!"

"आपला सह्याद्री लहानपणी असाच दिसत असेल," मी म्हटलं.

"इट्स सो एम्प्टी, आई."

"रिकामं नाही गं. नवं आहे."

लाव्हाच्या मैदानात पायवाट सोडू नका. तुडवलेलं शेवाळ पुन्हा वाढायला वर्षं लागतात. वाटेवरचा एक दगड मी श्रीकांतच्या हातात दिला. सवयीने त्याने तो नाकाशी नेला. "काही नाही," म्हणाला आणि होता तिथे ठेवून दिला.

आम्ही दोन रात्री राहिलो त्या गेस्टहाउसच्या नळाला जमिनीखालचं गरम पाणी येई. त्याचा वास आम्हा दोघींना आदल्या दिवसापासून येत होता. त्याच्यासमोर आम्ही तो विषय काढला नव्हता. संध्याकाळी सामायिक स्वयंपाकघरात मी खिचडीचे तांदूळ धूत होते. श्रीकांतने पातेलं गरम पाण्याखाली धरलं आणि कडाडला, "माझ्या पातेल्यात अंडी कुणी उकडली?"

शेजारी पास्ता ढवळणारं जर्मन जोडपं दचकलं.

"बाबा, इट्स द वॉटर! सल्फर!"

"मला शिकवू नकोस. अंड्यांचा वास काय मला..."

तो थांबला. नाक पातेल्यात खुपसलं. बाहेर काढलं, पुन्हा खुपसलं. सई रडायला लागली. "पाणी वाया जातंय," म्हणत मी नळ बंद केला. श्रीकांतने तो पुन्हा सोडला.

ज्वालामुखी बघितला का, असं सगळे विचारतात. नाही, धुकं होतं. हिमनदी बघितली, काळी वाळू बघितली, आणि दर मुक्कामी एक माणूस नळाशी उभा राहिलेला बघितला.

घरी परतून आता बरेच महिने झाले. कोथिंबीर त्याला अजून साबणासारखी लागते. हिंग कळत नाही. पण फोडणी टाकताना तो ओट्याशी येतो आणि म्हणतो, "मोहरी करपली तुझी." पूर्वी मी यावर भांडले असते. आता म्हणते, "करपली खरी," आणि गॅस लगेच बारीक करत नाही.