परक्याचा कोट

चिंधीवहिनींच्या नवऱ्याने तापलेली इस्त्री कोटाच्या बाहीवर टेकवली आणि तो फोन घ्यायला गेला. परत येईपर्यंत बाहीवर तपकिरी त्रिकोण उमटला होता. खरं सांगायचं तर त्याला आतून गुदगुल्याच झाल्या. भंगारातून आणलेला कुणा परक्या पुरुषाचा कोट तो, पण वहिनी आठवडाभर त्याचं अस्तर उसवत होत्या, कॉलर कुरवाळत होत्या. नवऱ्याच्या शर्टाचं तुटलेलं बटण मात्र महिनाभर खिशातच होतं.

वहिनींनी जळकी बाही पाहिली, ती कात्रीने उडवली आणि उरलेल्या कापडावर खडूने पिशवी आखायला घेतली.

"माझे कधी केलेस गं इतके लाड?" नवऱ्याने शेवटी विचारलंच.

वहिनी मान वर न करता म्हणाल्या, "मी लोकांनी टाकलेलंच उचलते, तुम्हाला अजून कुणी टाकलंय कुठे?"