वैद्यबुवांनी वगळलेला उपाय

ती घटना आठवली की आजही मला आधी एक प्रश्न ऐकू येतो. चोरी झालेल्या घरात पोलीस गेले की माणसं ठरावीक गोष्टी विचारतात: माल मिळेल का, कधी मिळेल, कोर्टात किती चकरा माराव्या लागतील. सदर बाजारामागच्या गल्लीतल्या त्या घरात मात्र स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या बाईंनी विचारलं, "ज्यानं नेलं असेल त्याला काय होतं हो?"

मी तेव्हा रायपूरच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो, निवृत्तीला काही वर्षं उरली होती. बाई सत्तरीच्या, निवृत्त शिक्षिका, अविवाहित. त्यांचे वडील शहरातले नावाजलेले वैद्य. त्यांनी घर आणि पुस्तकं बाईंच्याच नावे केली होती. फिर्याद भाच्याची. तो पुण्याहून येऊन शहराबाहेर वसलेल्या नव्या राजधानीतल्या ऑफिसात लागलेला, बोलायला चटपटीत. चोरीला गेलं होतं एक जुनं शिळाछापाचं मराठी वैद्यकाचं पुस्तक. भाच्याने बाहेरच्या एका संग्राहकाशी त्याचा सौदा ठरवला होता आणि गिऱ्हाईक यायच्या आधीच पुस्तक फडताळातून नाहीसं झालं.

मी घटनास्थळाचा नकाशा काढला. दार एकच, समोरचं. कुलूप शाबूत, बाकी सामान जागच्या जागी. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "मला काही माहीत नाही." त्यांचा तो प्रश्न मी डोक्यात ठेवला आणि परत आलो.

खबर दिली गुढियारीच्या मालधक्क्यावरच्या चहावाल्याने. तो माझा जुना मुखबीर. "साहब, एक रिटायर रेलवे वाला डोकरा है. रोज शाम को ओटले पे बैठ के एक सड़ी किताब पढ़ता है. हँसता भी है, रोता भी है."

आम्ही दारात उभे राहिलो तेव्हा त्या म्हाताऱ्याने आमच्या गणवेशाकडे पाहिलं, आत गेला आणि स्वच्छ पंच्यात बांधलेलं पुस्तक स्वतःच आणून दिलं. "मीच चोरलं साहेब. लिहून घ्या."

ठाण्यात जप्ती पत्रक करायला बसलो. लिखापढी करणाऱ्या मुंशीला जुनं मराठी वाचता येईना. "साहब, किताब काहे की लिखूँ?"

"बीमारी की."

"कौन-सी बीमारी?"

"प्रेम की."

मुंशीने पेन खाली ठेवलं. "ये मरीज तो थाने में रोज आते हैं साहब. किताब पहली बार आई है."

वर्णन लिहायचं म्हणून मी पानं चाळली आणि चाळता चाळता वाचतच बसलो. डोळे खोल जातात, अन्न नकोसं होतं, उसासे येतात, आणि रोगी कारण सांगत नाही. अशा वेळी वैद्याने त्याची नाडी धरून गावातल्या पेठांची नावे घ्यावीत. ज्या पेठेला नाडी उसळेल तिथल्या घरांची घ्यावीत, मग त्या घरातल्या माणसांची. मला हसू आलं. आयुष्यभर मी तेच करत आलो होतो, फक्त संशयिताचा हात न धरता.

मग चौकशी. "आत कसा शिरलास?"

"मागच्या दाराची कडी काढली."

त्या घराला मागचं दारच नव्हतं. चोरी कबूल करणाऱ्या या माणसाला चोरी कशी करतात हेही ठाऊक नव्हतं. नोकरीत खोटं बोलून सुटू पाहणारे ढिगाने पाहिले. खोटं बोलून अडकू पाहणारा हा पहिलाच.

"बाबा, या वयात जेलात जाल. बिरादरीत नाव जाईल. काहून करून राहिले हे?"

"माया जीव, मायी मर्जी."

तो आमच्यातलाच होता. विदर्भातून रेल्वेच्या नोकरीपायी आलेलं बौद्ध कुटुंब, माझ्या वडिलांसारखंच. म्हणून जरा सलगीने मी त्याचं मनगट धरलं आणि गंमत म्हणून शहरातल्या वस्त्यांची नावं घ्यायला लागलो. "पंडरी. गुढियारी."

म्हातारा हसला. "हे एकडाव होऊन गेलं मायासंगं, साहेब. लई जुनी गोष्ट. वैद्यबुवांनीच केलं होतं."

"सदर बाजार," मी म्हणालो.

त्याने हात झटक्यात काढून घेतला. "नाव नका घेऊ. तिचं नाव या ठाण्यात यायले नाही पायजे."

नाडी पाहायची गरजच उरली नाही. मी त्याला चहा मागवला आणि एका महिला शिपायाला घेऊन साध्या कपड्यांत सदर बाजार गाठला.

भाच्यासमोरच मी बाईंना सांगितलं, "आरोपी सापडलाय, कबूलही झालाय. आता कोर्टात हजर करावं लागेल."

बाईंनी खुंटीवरची पिशवी घेतली आणि चपला घालायला लागल्या.

"आत्या, कुठे निघालीस?"

"ठाण्यात. पुस्तक मी दिलंय."

"अगं, बाजारातले लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. त्यातले निम्मे माझ्या हातचा मार खाल्लेले आहेत."

सदर बाजाराच्या भर गर्दीतून, स्कूटर चुकवत, बाई आमच्या पुढे चालत राहिल्या. जीपमध्ये बसायला त्यांनी नकार दिला.

ठाण्यात, कोपऱ्यात बसलेल्या म्हाताऱ्यासमोरच त्यांनी बयान दिलं. लहान वर्गाला धडा समजवावा तसं सावकाश. "मी आत खलात औषध घोटत होते. बाहेर बाबांनी यांची नाडी धरली होती. पुस्तकात पेठा होत्या, बाबा पारे म्हणायचे. एकेका पाऱ्याचं नाव घेतलं, मग आमच्या पाऱ्याचं, मग आमच्या घराचं. मग माझं नाव घेतलं आणि थांबले. माझा खलही थांबला. बाबा म्हणाले, वात आहे. यांच्या वडिलांना सांगितलं, पोराला लांब पाठवा."

कारण मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. घर ब्राह्मणाचं, पोरगा आमच्या वस्तीतला. तो रेल्वेत लागून लांब गेला, त्याचा संसार झाला, पत्नी वारली, तो परत आला. पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी बँकेच्या रांगेत उभा होता आणि पुढे बाई उभ्या होत्या.

"मग पुस्तक का दिलंत?"

"विकलं जाणार होतं. त्याआधी यांनी एकदा वाचावं असं वाटलं. उपायांचं पान."

मी ते पान उघडलं. पहिला उपाय असा होता: शक्य असल्यास दोघांचे लग्न लावून द्यावे. दुसरा उपाय: न जमल्यास रोग्यास दूर देशी पाठवावे.

कोपऱ्यातून म्हातारा म्हणाला, "वैद्यबुवांनी मले दोन नंबरचा इलाज देला साहेब. एक नंबरचा होता, हे मले आता पुस्तक वाचून समजलं." आणि तो रडायला लागला. मुंशी उठून बाहेर गेला. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलं नाही.

मालकीण स्वतःच दिलं म्हणते म्हटल्यावर चोरी उरली नाही. मी खारिजी, म्हणजे गुन्हा रद्द करायचा अहवाल, कोर्टात पाठवली. पुस्तक मालखान्यातून कोर्टाच्या हुकमाने सुपुर्दनाम्यावर, म्हणजे सांभाळायची हमी लिहून घेऊन, बाईंना मिळालं. त्याला जामीनदार लागतो. बाईंनी म्हाताऱ्याकडे बोट दाखवलं. 'वस्तू आहे त्या स्थितीत सांभाळीन, मागितल्यावर हजर करीन' हा मजकूर त्यांनी मोठ्याने वाचला आणि कागद त्याच्यापुढे सरकवला. "करा सही. न सांगता इतकी वर्षं सांभाळलंत, आता सही करून सांभाळा."

त्यांनी लग्न केलं नाही. संध्याकाळी तो सदर बाजारात जायचा, बाई वाचायच्या, तो ऐकायचा. भाचाही पुढे निवळला आणि चहा करून द्यायला लागला.

कबुली मिळाली की तपास संपला, असं आमच्या खात्यात पुष्कळांना वाटतं. या केसनंतर मी कबुलीजवाब हातात आला की आधी विचारायचो, हा माणूस कोणाला झाकतोय? दर वेळी कोणी सापडायचं असं नाही. पण विचारल्यामुळे काही माणसं जेलबाहेर राहिली, आणि माझ्या नोकरीतलं मला तेवढंच अभिमानाने सांगावंसं वाटतं.

आता हयातीच्या दाखल्यासाठी मीही त्याच बँकेत रांग लावतो. यंदा म्हातारा एकटाच दिसला. बाई उन्हाळ्यात गेल्या.

"पुस्तक सांभाळून आहे साहेब," तो म्हणाला. "कधीबी मागा, हजर करतो."

खिडकी अजून लांब होती. मी त्याचं मनगट हातात घेतलं आणि हळूहळू पाऱ्यांची नावं घ्यायला लागलो. पंडरी. गुढियारी. सदर बाजार.

या वेळी त्याने हात काढून घेतला नाही.